नमुना कोणाच्या हाती द्यायचा, हे ठरवताना आम्हालाही बोलवा

बायोबँकांचे संचालक, एथिक्स कमिट्यांचे सदस्य आणि जनुकीय संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या संस्थांना,

सप्रेम नमस्कार.

मी बायोबँकेला, म्हणजे संशोधनासाठी लोकांचे नमुने साठवणाऱ्या संस्थेला, रक्त दिलेले आहे आणि उद्या पुन्हा मागितले तरी देईन. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते संशोधनाच्या विरोधातले नाही. एखादा आजार घराण्यात का उतरतो, एकाला लागू पडलेले औषध दुसऱ्याला का पडत नाही, या प्रश्नांची उत्तरे लाखो माणसांच्या नमुन्यांशिवाय मिळणार नाहीत हे मला पटलेले आहे. माझे म्हणणे वेगळे आहे. लोकसहभागाच्या नावाखाली तुम्ही आम्हाला बोलावता खरे, पण ज्या वेळी बोलावायला हवे त्या वेळी बोलावत नाही.

नमुने गोळा करायचे असले की तुम्ही आमच्या दारापर्यंत येता. सभा होतात, माहितीपत्रके वाटली जातात, समाजातल्या मान्यवरांना पुढे बसवले जाते, शंकांना उत्तरे दिली जातात. पुरेसे नमुने जमले की सगळे शांत. खरा निर्णय त्यानंतर होतो, कधी पाच वर्षांनी, कधी पंधरा: गोठवून ठेवलेला नमुना आणि त्याच्यासोबतची माहिती कोणत्या संशोधकाला, कशासाठी आणि कोणत्या अटींवर द्यायची. हा निर्णय तुमची अ‍ॅक्सेस कमिटी घेते. बहुतेक ठिकाणी त्या खोलीत आमच्यापैकी कोणी नसते. आम्हाला त्या खोलीत जागा द्या, आणि ती मताधिकारासकट द्या, ही या पत्रातली मागणी आहे.

नमुना देणाऱ्याच्या बाजूने ही प्रक्रिया कशी दिसते ते सांगते. दंडाला पट्टा बांधतात, शीर शोधतात, जांभळ्या टोपणाच्या नळीत काही मिलिलिटर रक्त घेतात. नळी हलक्या हाताने उलटसुलट करतात, म्हणजे आतले रसायन मिसळते आणि रक्त गोठत नाही. मग बारकोडची चिकटपट्टी लागते आणि त्या क्षणी माझे नाव नळीवरून जाते. पुढे ती नळी यंत्रात गरगर फिरवली की रक्ताचे थर वेगळे होतात: वर पिवळसर प्लाझ्मा, खाली लाल पेशी आणि दोघांच्या मधे पांढुरका, पातळ थर. डीएनए मिळतो तो त्या मधल्या थरातून. तो उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवला की वर्षानुवर्षे टिकतो. मी गेल्यावरही टिकेल. आणि एवढ्या दीर्घ आयुष्याच्या वस्तूवरचा माझा सगळा अधिकार एका ओळीत संपतो: ‘भविष्यातील आरोग्यविषयक संशोधनासाठी माझा नमुना वापरण्यास माझी हरकत नाही.’ शेजारी एक चौकोन. त्यात खूण करायची, खाली सही, मागच्या माणसाचा नंबर.

अशी व्यापक संमती मुळातच चूक आहे, असे मी म्हणणार नाही. युके बायोबँकेने २००६ ते २०१० या काळात ४० ते ६९ वयाच्या पाच लाख लोकांना सामील करून घेतले. प्रत्येक नव्या अभ्यासासाठी पाच लाख लोकांना पत्र पाठवून परवानगी मागायची म्हटली तर काम उभेच राहणार नाही. शिवाय वीस वर्षांनी कोणता प्रश्न महत्त्वाचा ठरेल हे आज कोणालाच सांगता येत नाही. ही अडचण खरी आहे आणि मला ती मान्य आहे. पण तिच्यातून निघणारी दुसरी गोष्टही तुम्ही मान्य करायला हवी. संमती जितकी मोकळी, तितकी पुढच्या प्रत्येक वापरावर आमच्या वतीने नजर ठेवणाऱ्याची गरज मोठी. आमच्याकडून कोरा चेक घ्यायचा आणि त्यावर रक्कम भरताना मात्र आम्हाला बाहेर उभे करायचे, हे न्यायाला धरून नाही.

याचे परिणाम काय होतात ते हावासुपाई लोकांनी सोसलेले आहे. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनच्या दरीत राहणारी ही छोटी जमात. तिच्यात मधुमेहाचे प्रमाण फार मोठे, पाय कापावे लागण्याची वेळ अनेकांवर आलेली. १९९० पासून अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी त्यांचे रक्त गोळा केले. लोकांनी ते दिले मधुमेहाचे कारण सापडावे म्हणून. कागदावर मात्र वाक्य बरेच रुंद होते: वर्तनविषयक आणि वैद्यकीय विकारांच्या कारणांचा अभ्यास. सही करणाऱ्या अनेकांसाठी इंग्रजी ही दुसरी भाषा होती. पुढे त्याच रक्तावर स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराचा अभ्यास झाला, जमातीत जवळच्या नात्यातले विवाह किती होतात याचा झाला, आणि त्यांचे पूर्वज आशियातून स्थलांतर करून आले का याचाही झाला. आपला उगम याच दरीत झाला अशी त्या लोकांची श्रद्धा आहे आणि त्या भूमीवरचा त्यांचा हक्कही त्या श्रद्धेशी जोडलेला आहे.

हे सगळे त्यांना कळले कसे, तर २००३ साली जमातीतली एक बाई विद्यापीठात एका प्रबंधाच्या सादरीकरणाला जाऊन बसली आणि समोर जे चालले आहे ते आपल्याच लोकांच्या रक्तावर आधारलेले आहे हे तिच्या लक्षात आले. तिने उभे राहून विचारले, याची परवानगी घेतली होती का? दहाहून अधिक वर्षांत हा प्रश्न विचारायची पहिली संधी जमातीला मिळाली ती अशी. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या. २०१० साली तडजोड झाली, ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर मिळाले आणि उरलेले रक्त जमातीला परत देण्यात आले.

या प्रकरणातून संमतीपत्र आणखी बारकाईने लिहायला हवे, एवढाच धडा अनेकजण घेतात. मला तो पुरेसा वाटत नाही. तो मजकूर कितीही नीट लिहिला असता तरी पुढच्या दहा वर्षांत येणारे सगळे प्रश्न त्यात मावले नसते. पण स्किझोफ्रेनियाच्या अभ्यासासाठी नमुने मागितले गेले त्या दिवशी टेबलाशी हावासुपाई लोकांपैकी दोन माणसे जरी बसलेली असती, तरी गोष्ट तिथेच थांबली असती, किंवा जमातीत चर्चा होऊन कदाचित वेगळ्या रीतीने पुढे गेली असती. कदाचित त्यांनी काही अभ्यासांना होकारही दिला असता. विचारलेच नाही, म्हणून ते कधी कळणार नाही.

आता तुमच्यातले काहीजण म्हणतील, प्रत्येकाची संमती घेतली की जबाबदारी संपली, समाज मधे आणायचाच कशाला? उत्तर डीएनएच्या स्वभावातच आहे. माझा निम्मा डीएनए माझ्या आईचा, निम्मा वडिलांचा. सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मा सामाईक, सख्ख्या चुलत-मावस भावंडांत सरासरी आठवा हिस्सा. मी सही केली म्हणजे त्या सगळ्यांबद्दल काहीतरी उघड करण्याची परवानगी मी परस्पर देऊन टाकली. आइसलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली हेच ओळखले. त्या देशाने १९९८ मध्ये कायदा करून सगळ्या नागरिकांच्या आरोग्यनोंदी एका माहितीसाठ्यात आणायचे ठरवले होते. ज्याला नको असेल त्याने तसे कळवायचे, नाही कळवले तर होकार समजायचा. एका मुलीने आपल्या मृत वडिलांच्या नोंदी त्यात घालायला हरकत घेतली, कारण त्यावरून तिच्याबद्दलही अनुमान काढता येणार होते. न्यायालयाने तिची बाजू उचलून धरली. तो माहितीसाठा पुढे प्रत्यक्षात आलाच नाही.

नळीवरचे नाव पुसले म्हणजे ओळख पुसली, हेही आता कोणी छातीठोकपणे सांगू नये. २०१३ साली संशोधकांनी इंटरनेटवर कोणालाही पाहता येणारे निनावी जनुकसंच (माणसाच्या सबंध डीएनएची माहिती) आणि वंशावळीच्या मोफत वेबसाइट यांची सांगड घालून आधी आडनावे शोधली आणि त्यावरून जवळपास ५० माणसांची ओळख पटवून दाखवली. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातला एक जुना खुनी पकडला गेला. त्याने स्वतः कोणत्याही वेबसाइटवर डीएनए दिला नव्हता, दिला होता त्याच्या दूरच्या नातेवाइकांनी. खुनी सापडला याचा आनंदच आहे. पण एकाच्या सहीने किती जण उजेडात येतात, हे त्यातून दिसलेच.

आणि एक नुकसान असे आहे की ते कोणा एकाचे नसतेच. आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या सान लोकांकडे पाहा. मानवाच्या सर्वांत जुन्या वंशशाखांपैकी एक म्हणून जनुकशास्त्रज्ञांचे त्यांच्याकडे कायम लक्ष. २०१० मध्ये सान समाजातल्या चार वडीलधाऱ्या माणसांच्या जनुकीय माहितीवर एक मोठा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्या चौघांची संमती घेतलेली होती. तरी सान नेतृत्वाने तीव्र आक्षेप घेतला: सबंध समाजाबद्दल निष्कर्ष काढायचे आणि समाजाच्या प्रातिनिधिक संस्थांना विचारायचेही नाही, हे कसे? निबंधासोबतच्या पुरवणीतला काही मजकूर त्यांना खासगी आणि अपमानास्पद वाटला. इथे दुखावला गेला तो पाचवा माणूस, ज्याने नमुना दिलाच नव्हता, पण शोधनिबंधात जो ‘सान’ या नावाखाली आपोआप सामील झाला. त्याचे म्हणणे मांडायला तुमच्या संमतीपत्रात जागाच नाही.

सान लोक गप्प बसले नाहीत. २०१७ साली त्यांनी स्वतःची संशोधन-आचारसंहिता जाहीर केली. तिची तत्त्वे साधी आहेत: आदर, प्रामाणिकपणा, न्याय, आस्था आणि ठरलेली रीत. संशोधन आमच्या परिषदेमार्फत व्हावे, छापण्याआधी आम्हाला दाखवावे, दिलेला शब्द पाळावा. यातली कोणतीच गोष्ट विज्ञानाला आडवी येत नाही.

आम्हाला त्या खोलीत बसवणे व्यवहारात जमणारे नाही, असे कोणी म्हणू नये, कारण ते जमलेले आहे. हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी १९५१ साली त्यांना न विचारता घेतल्या गेल्या आणि हेला या नावाने जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत राहिल्या, हे अनेकांना ठाऊक आहे. पुढची गोष्ट कमी जणांना माहीत असते. २०१३ च्या मार्चमध्ये या पेशींचा संपूर्ण जनुकसंच इंटरनेटवर प्रसिद्ध झाला. घरच्यांना पुन्हा कोणी विचारले नव्हते, आणि त्या जनुकसंचात त्यांच्या नातवंडा-पतवंडांबद्दलचीही माहिती दडलेली होती. गदारोळ झाला, माहिती मागे घेतली गेली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने कुटुंबाशी चर्चा केली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये करार झाला. माहिती वापरायची तर अर्ज करायचा, आणि अर्ज तपासणाऱ्या सहा जणांच्या गटात लॅक्स कुटुंबातले दोघे बसणार.

मी ज्या खोलीबद्दल लिहिते आहे ती हीच. कुटुंबीय आत आले म्हणून संशोधन बंद पडले नाही. अर्ज येत राहिले, तपासले जात राहिले. बाहेर राहून ज्या घराने कित्येक वर्षे मनस्ताप सोसला, त्या घरातली माणसे आत आल्यावर शास्त्रज्ञांच्या शेजारी बसून निर्णय घेऊ लागली. मग हीच सोय दुसऱ्या हजारो-लाखो नमुने देणाऱ्यांना का नको? लॅक्स यांचे नाव जगाला माहीत झाले म्हणून त्यांना ती मिळाली. आमची नावे बारकोडच्या मागे आहेत.

दुर्मिळ आजारांच्या रुग्णांनी तर याहून पुढची मजल मारली आहे. त्वचा, डोळे आणि रक्तवाहिन्यांवर परिणाम करणारा पीएक्सई नावाचा एक आनुवंशिक विकार आहे. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या शॅरन आणि पॅट्रिक टेरी यांच्या दोन्ही मुलांना तो असल्याचे निदान झाले. दोघांपैकी कोणीही शास्त्रज्ञ नव्हते. वेगवेगळ्या संशोधकांचे गट मुलांचे रक्त वेगवेगळे मागायला लागले आणि एकमेकांना नमुने द्यायला मात्र तयार होईनात, तेव्हा या दांपत्याने रुग्णांची संघटना काढली आणि नमुन्यांची पेढीच स्वतः उभी केली. ज्याला नमुने हवेत त्याने आमच्या अटी मान्य करायच्या. त्या विकाराला कारणीभूत असलेला जनुक २००० साली सापडला आणि त्याच्या पेटंटमध्ये या संघटनेचा वाटा राहिला. नमुने देणाऱ्यांच्या हाती किल्ली गेली की संशोधन रखडते, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण नीट पाहावे. इथे रखडलेले काम त्यांच्यामुळे मार्गी लागले.

तुमच्या सोयीच्या बाजूनेही एक गोष्ट मांडते, कारण विश्वास नसला तर तुमचेही नुकसान आहे. जनुकीय अभ्यासांत सहभागी झालेल्यांपैकी २००९ साली ९६ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. २०१६ पर्यंत हे प्रमाण सुमारे ८१ टक्क्यांवर आले, तेही मुख्यतः आशियातले सहभागी वाढल्यामुळे. आफ्रिकी वंशाचे आणि आदिवासी लोक तोवर नगण्यच राहिले होते. याची किंमत रुग्ण मोजतात. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा एक आनुवंशिक आजार आहे. त्याच्या जनुकीय चाचणीत काही कृष्णवर्णीय अमेरिकनांना ‘तुमच्यात आजाराचा बदल आहे’ असे सांगितले गेले, आणि पुढे तो बदल निरुपद्रवी ठरला. तो त्यांच्या समाजात सर्रास आढळणारा होता, पण तुलनेसाठी वापरलेल्या नमुन्यांत त्यांचे लोक नव्हते म्हणून तो दुर्मिळ आणि घातक वाटला. २०१६ साली हे उघड करणाऱ्या संशोधकांनी असेही दाखवले की तुलनेच्या गटात थोडेसे कृष्णवर्णीय लोक असते तरी ही चूक बहुधा टळली असती. चुकीच्या अहवालानंतर त्या घरांत काय झाले असेल याचा विचार करा. मुलांच्या तपासण्या, खेळ बंद, अचानक मृत्यूची धास्ती. सगळे विनाकारण.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. पीसीएसके९ या जनुकाशी संबंधित, कोलेस्टेरॉल खूप कमी करणाऱ्या औषधांमागचा एक निर्णायक पुरावा कृष्णवर्णीय सहभागींकडून आला. त्यांच्यातल्या २.६ टक्के लोकांत हा जनुक निकामी करणारे बदल होते. त्यांचे वाईट कोलेस्टेरॉल २८ टक्क्यांनी कमी आणि हृदयविकाराचा धोका तब्बल ८८ टक्क्यांनी कमी आढळला. हे प्रसिद्ध झाले २००६ मध्ये, आणि २०१५ पासून ही औषधे बाजारात आहेत. म्हणजे एका समाजाने दिलेल्या रक्तातून साऱ्या जगाला उपयोगी पडणारी गोष्ट निघाली. ज्यांना आजवर वगळले त्यांच्यापर्यंत पोचणे ही विज्ञानाची गरज आहे. पण ते लोक येतील का? हावासुपाई प्रकरण उघडकीस येण्याच्या आधीच, २००२ साली, अमेरिकेतल्याच नावाहो या आदिवासी लोकांनी आपल्या भूमीवर जनुकीय संशोधनाला बंदी घातली. टेक्सासमध्ये नवजात बाळांच्या टाचेतून घेतलेले रक्ताचे ठिपके पालकांना न सांगता संशोधनासाठी साठवले जात होते. २००९ मध्ये पालक कोर्टात गेले आणि पुढच्या वर्षी ५० लाखांहून अधिक ठिपके नष्ट करावे लागले. ते नमुने बाळांच्या आजारांवरच्या संशोधनासाठी किती मोलाचे ठरले असते! आधी विचारले असते तर बहुतेक आईबापांनी हो म्हटले असते, असे मला मनापासून वाटते.

तुमचे आक्षेप मी ऐकलेले आहेत. त्यातला एक खरोखर अवघड आहे: समाजाच्या वतीने बोलणार कोण? जमातीची परिषद असेल तर सोपे. पण शहरभर विखुरलेल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या लाख सहभागींचा प्रतिनिधी कुठून आणायचा? आणि परिषद असली तरी तिच्यात बायकांना, तरुणांना, गरिबांना कितपत आवाज असतो? ही भीती मलाही वाटते. म्हणून स्पष्ट लिहिते, पुढाऱ्याचा होकार हा कोणाही व्यक्तीच्या संमतीला पर्याय होऊ शकत नाही. घरातली कर्ती माणसे हो म्हणाली म्हणून सुनेचे रक्त घेता येणार नाही. व्यक्तीची संमती हवीच, समाजाचे म्हणणे त्याच्या जोडीला हवे. विखुरलेल्या सहभागींसाठी चिठ्ठ्या टाकून निवड करता येते: इच्छुकांची यादी करा, वय, लिंग आणि आर्थिक स्थिती पाहून त्यातून माणसे काढा, ठरावीक मुदतीनंतर बदला. हे बिनचूक होणार नाही. पण बिनचूक प्रतिनिधी मिळत नाही म्हणून एकही नको, हा युक्तिवाद लोकशाहीत आपण दुसरीकडे कुठेच चालू देत नाही.

‘सामान्य माणसाला यातले विज्ञान कळत नाही’ हा दुसरा आक्षेप मला फारसा वजनदार वाटत नाही. अ‍ॅक्सेस कमिटीपुढे येणारे निम्मे प्रश्न विज्ञानाचे नसतातच. विमा कंपनीशी संबंध असलेल्या अर्जदाराला माहिती द्यावी का? या अभ्यासाने एखाद्या जातीजमातीवर शिक्का बसेल का? औषध निघाले तर ते नमुने देणाऱ्यांना परवडेल का? नमुना संपेपर्यंत वापरायचा की थोडा राखून ठेवायचा? या प्रश्नांत आमची समज तुमच्यापेक्षा कमी नाही, आणि परिणाम भोगायचे आहेत ते आम्हालाच.

वेळ जाईल, हे मात्र खरे. जाऊ द्या.

हे सगळे मी तुमच्यावर बाहेरून लादते आहे असेही नाही. जागतिक वैद्यकीय संघटनेने २०१६ मध्ये तैपेईला सुधारित जाहीरनामा संमत केला. आरोग्यविषयक माहितीसाठे आणि बायोबँका यांच्यासाठीच तो आहे. ज्यांच्या ताब्यात नमुने आहेत त्यांनी व्यक्तींशी आणि त्यांच्या समाजांशी सल्लामसलत केलीच पाहिजे, असे तो सांगतो. आदिवासी समाजांच्या माहितीसाठी २०१९ मध्ये मांडलेल्या केअर तत्त्वांमध्ये तर नियंत्रणाचा अधिकार हे एक तत्त्वच आहे. कॅनडात संशोधकांनी आणि आदिवासी समाजांनी मिळून एक कल्पना पुढे आणली आहे: डीएनए हा उसना दिलेला समजायचा, संशोधकाने तो सांभाळायचा, मालकी समाजाकडेच. या कल्पनेमागे एक कटू अनुभव आहे. व्हँकूव्हर बेटावरच्या नू-चाह-नुल्थ लोकांनी १९८० च्या दशकात संधिवाताच्या अभ्यासासाठी दिलेले रक्त देशोदेशी फिरले, त्यावर पूर्वजांच्या स्थलांतराचे अभ्यास झाले, आणि ते परत यायला २००४ साल उजाडले.

तेव्हा मला काय हवे आहे ते नेमके लिहिते. अ‍ॅक्सेस कमिटीत किमान एकतृतीयांश जागा नमुने देणाऱ्यांना द्या. एकच माणूस शोभेपुरता बसवला तर तो गप्पच राहतो. त्यांना प्रशिक्षण द्या आणि वेळेचा मोबदला द्या. तुमच्या तज्ज्ञांना पगार किंवा मानधन मिळते, मग आमच्या माणसाने रोजगार बुडवून का यावे? कोणाला, कशासाठी, कोणत्या अटींवर नमुने दिले याची यादी लोकांच्या भाषेत सर्वांसाठी खुली ठेवा, नाकारलेल्या अर्जांसह. विशिष्ट समाजाचे नाव घेऊन निष्कर्ष छापायचे असतील तर मसुदा आधी त्या समाजाला दाखवा आणि त्याचे म्हणणे निबंधासोबत छापा. इथे मी निष्कर्ष दडपण्याचा हक्क मागत नाही. न आवडलेले सत्यही छापले जावे, फक्त ज्यांच्याबद्दल ते आहे त्यांना ते आधी कळावे.

माघार घेण्याच्या हक्काबद्दल खरे सांगा. ‘तुम्ही केव्हाही बाहेर पडू शकता’ असे छापलेले असते. नमुना नष्ट करता येतो, पण वाटली गेलेली माहिती आणि छापून आलेले निष्कर्ष परत आणता येत नाहीत. हे सही करण्याआधी तोंडी सांगा. ऐकून काही जण उठून जातील. त्यांना जाऊ द्या.

आणि संस्था बंद पडली, विकली गेली किंवा निधी आटला तर नमुन्यांचे काय, हे आजच ठरवून लिहून ठेवा. मार्च २०२५ मध्ये लोकांना डीएनए चाचणी विकणाऱ्या २३अँडमी या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा दीड कोटी ग्राहकांची जनुकीय माहिती विक्रीयोग्य मालमत्ता म्हणून चर्चेत आली. ती खासगी कंपनी होती, आमची संस्था तशी नाही, असे तुम्ही म्हणाल. निधी मात्र तुमचाही कायमचा नाही.

निधी देणाऱ्या संस्थांना वेगळे दोन शब्द. तुमच्या अर्जाच्या नमुन्यात लोकसहभागाचा एक रकाना असतो आणि त्यात ‘जनजागृती शिबिरे घेतली जातील’ असे लिहिले की तो भरतो. तिथे दोन प्रश्न घाला: नमुन्यांच्या वापराचा निर्णय घेणाऱ्या कमिटीत सहभागींच्या किती जागा आहेत, आणि त्यांना मत आहे का? उत्तर शून्य असेल तर पैसे थांबवा. संचालकांना माझ्या पत्राने जे सुचणार नाही ते तुमच्या या दोन ओळींनी सुचेल.

तुमच्या अ‍ॅक्सेस कमिटीत आज कोण कोण आहे आणि तिची पुढची बैठक कधी आहे, हे कृपया जाहीर करा. आम्ही यायला तयार आहोत.

आपली,
नमुना दिलेली एक सहभागी